बावीस बैल आणि अडखळणारं गाणं

आमच्या घरचा कॉम्प्युटर फक्त रविवारी नीट गायचा. सोमवार ते शनिवार तो गाण्याच्या मधेच अडखळायचा, एकच अक्षर तीन-चारदा घोकायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढं निघायचा. रविवारी माझे यजमान घरी असत. ते समोर बसले की तो अगदी शहाण्या मुलासारखा वागायचा. त्यामुळं घरात दोन मतं तयार झाली होती. माझं मत, कॉम्प्युटर बिघडला आहे. यजमानांचं मत, माझे कान बिघडले आहेत.

मी अमरावतीला एका सरकारी कार्यालयात लिपिक होते. यजमान अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. आठवडाभर तिथंच खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी बडनेऱ्याला उतरून घरी यायचे. विज्ञान शिकवत असल्यामुळं वीज, पाणी, यंत्रं आणि बायको या चारही विषयांत त्यांना सगळं कळत असे. कॉम्प्युटरही त्यांनीच आणला होता. पण आठवड्यातले सहा दिवस ते अकोल्याला, त्यामुळं तो आपोआप माझ्याकडं आला. माझ्याकडं आला म्हणजे कार्यालयाकडं आला.

ती शेतकरी आत्महत्यांची वर्षं वऱ्हाडाला फार वाईट गेली. पेपर उघडला की पहिल्या पानावर आमच्याच भागातलं एखादं गाव असायचं आणि त्या गावाच्या दिशेनं मुंबईची नाहीतर दिल्लीची एखादी गाडी निघालेली असायची. या सगळ्यावर उपाय करण्याआधी माहिती गोळा करायची असं ठरलं. मास्तर आणि ग्रामसेवक घरोघर फिरून फॉर्म भरून आणू लागले. विहीर आहे का, बैल किती, घरात आजारी कोण, लग्नाची मुलगी आहे का, कमावती माणसं किती. फॉर्मचे गठ्ठे सुतळीनं बांधून आमच्या टेबलांवर येऊन पडले. ते सगळं कॉम्प्युटरात भरायचं होतं. कार्यालयात दोन कॉम्प्युटर होते. एक साहेबांच्या खोलीत, त्याच्यावर कायम कापडी झाकण. दुसरा आमच्या खोलीत, पण भारनियमन नेमकं कामाच्या वेळेत.

साहेब पुण्याकडचे. फार मऊ बोलायचे.

"मॅडम, तुमच्या घरी कॉम्प्युटर आहे म्हणे."

"आहे, साहेब."

"वा," एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून गठ्ठे माझ्या घरी येऊ लागले.

आमच्या भागात पहाटे साडेपाच ते साडेआठ वीज हमखास असायची. तेवढ्या वेळात मी फॉर्म भरायची आणि सोबत हळू आवाजात गाणी लावायची. ही चैन नव्हती. मी टायपिंग शिकले तीच गाण्यावर. ज्या सरांकडं शिकले, त्यांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये एक जुना रेकॉर्ड प्लेअर होता. त्यावर ते बँडची तबकडी लावायचे आणि आम्ही वीस-पंचवीस मुली त्या ठेक्यावर बोटं आपटायचो. ठेका चुकला की छडी टेबलावर. तेव्हापासून माझा हात तालाशिवाय चालत नाही. गाणं असलं की बोटं आपापली धावतात. गाणं नसलं की मी नुसती फॉर्म वाचत बसते, आणि ते फॉर्म असे नव्हते की वाचत बसावे.

गाणी अकोल्याच्या चाचांची. यजमानांची खोली ज्या घराच्या माडीवर होती, त्याच्या खाली चाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सत्तरीचा माणूस. तरुणपणापासून रेडिओवरची गाणी त्यांनी कॅसेटवर उतरवून ठेवली होती, आणि म्हातारपणी कुणाकडून तरी शिकून ती सीडीवर चढवली होती. मी टायपिंग गाण्यावर करते हे यजमानांनी सांगितल्यावर त्यांनी तीन सीड्या पाठवल्या. "बेटी को बोलना, ताल की चुन के दी हैं," असा निरोपही. सगळी गाणी मी कॉम्प्युटरात भरून घेतली.

पहिले काही आठवडे छान गेले. एकदाच पहाटे अचानक वीज गेली आणि एका अख्ख्या गावाची नोंद पुसली गेली. मला रडू आलं. यजमान म्हणाले, फाइल आपोआप सेव्ह होण्याची सोय असते, किती मिनिटांनी ते आपण ठरवायचं. तिथं दहा लिहिलेलं होतं. मी एक केलं. दर मिनिटाला सेव्ह. आता वीज जाऊ दे हवी तेव्हा. आणि त्यानंतर महिनाभरात केव्हातरी गाणं अडखळू लागलं.

पहिल्या रविवारी यजमानांनी कॉम्प्युटरचा डबा अंगणात नेला आणि सायकलच्या पंपानं त्यातली धूळ उडवली. ती सगळी माझ्या वाळत घातलेल्या पापडांवर बसली. डबा परत जोडला, गाणं लावलं. एकदाही अडखळलं नाही.

"पाह्य! धूळ होती."

सोमवारी पहाटे पुन्हा तेच. दुसऱ्या रविवारी अर्थिंग. घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात त्यांनी मीठ घातलं, बादल्या भरभरून पाणी ओतलं. गाणं सुरळीत. सोमवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी व्हायरस शोधला. त्याला आख्खा दिवस लागला, कारण शोधणं संपत आलं की वीज जायची आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. व्हायरस सापडला नाही, गाणं मात्र सुरळीत. चौथ्या रविवारी ते म्हणाले, "फॉरमॅट मारावं लागन." त्यात तालुक्याचे सगळे फॉर्म होते. मी डब्यासमोर जाऊन बसले आणि ते उठेपर्यंत हलले नाही.

"अवं, पन चालून तं राहिलं ना! कुठी अडकून राहिलं, दाखव मले."

"आता नाई अडकत. उद्या अडकते."

"उद्या मी शाळेत राहीन. म्हंजे मी असलो की चालते, मी गेलो की अडकते. यंत्राले माणूस समजते काय?" मग आवाज खाली आणून, फार काळजीनं, "मले वाटते तू एकदा कानाच्या डॉक्टरले दाखव."

मी गेलेसुद्धा. डॉक्टरांनी दोन्ही कान साफ करून दिले आणि ऐकायला उत्तम येतं असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाणं अडखळताना आणखी स्पष्ट ऐकू आलं.

मग मी माझ्या टायपिंगच्या सरांना बोलावलं. टाइपरायटर गेल्यावर त्यांनी इन्स्टिट्यूट बंद करून त्याच जागेत कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं. साठीला आले होते, पण मला पाहिलं की आधी माझी पाठ सरळ आहे का ते बघायचे.

"रॅम कमी पडून राहिली, पोरी," सर म्हणाले. "टेबल लहान, आन् कागद लय. टेबल मोठं करून टाकू."

माझी फाइल त्यांनी नीट बंद केली, डबा उघडला, आत एक पट्टी खोचली, डबा बंद केला, गाणं लावलं. दोघांनी मिळून सबंध गाणं ऐकलं. सर बोटानं टेबलावर ठेका धरून होते. एक चूक नाही. जाताना म्हणाले, "पाठ वाकून राहिली तुही." सोमवारी गाणं अडखळलं, आणि माझी पाठही दुखत होती.

शेवटी मी त्याची सवय करून घेतली. अडखळलं की हात थांबवायचा, पुढं गेलं की हात पुढं. आपण सावध आहोत असं मला वाटायचं.

याच दिवसांत मुंबईहून दोन अधिकारी यायचे होते. त्यांनी आधीच कळवलं होतं की दुःखाच्या कहाण्या त्यांच्याकडं भरपूर जमल्या आहेत, आता एखादी यशोगाथा पाहिजे. साहेबांनी माझी फाइल मागवली, बैलांचा रकाना मोठ्याकडून लहानाकडं लावला आणि सगळ्यात वर रिद्धपूरच्या अलीकडच्या एका गावातली एक बाई आली. एकटी शेती करणारी. बैल बावीस.

"बघा मॅडम," साहेब म्हणाले, "शोधलं की सापडतं."

माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. हजार ओळींतली एक ओळ कुणाला आठवते? जीपमध्ये मला मागं बसवलं आणि मांडीवर शाल आणि नारळ दिला. साहेब पाहुण्यांना पशुधनाचं महत्त्व समजावत होते.

बाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पन्नाशीची, काटक. एवढी माणसं पाहून उठली, पदर नीट केला. अंगणात लिंबाखाली एक बैल कुटार खात उभा होता.

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. "बाई, तुमचे बैल कुठं आहेत?"

"हा काय, तुमच्या मांगं उभा हाये."

"नाही, बाकीचे."

"दुसरा दिराच्या वावरात गेला. तथी वखर सुरू हाये."

"बरं. आणि उरलेले वीस?"

बाईनं आमच्याकडं एकेक करून पाहिलं. "कोन्ते वीस?"

"कॉम्प्युटरमध्ये बावीस आहेत," साहेब म्हणाले, आणि बाईचं खोटं पकडल्यासारखे माझ्याकडं वळले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोनचा आकडा. दोनदा. गाण्यानं अक्षर घोकलं तसं माझ्या बोटानं आकडा घोकला होता.

बाई मात्र खुशीत आली. "कॉम्प्युटरात हायेत? मंग तथीच बांधले असन कोनं. सोडा ना बापा! वीस बैल आले तं मी काहून नाई म्हनन? पन कुटार तुमी पाठवजा."

एक पाहुणा मोठ्यानं हसला. दुसऱ्यानं वहीत काहीतरी लिहिलं. साहेबांनी बैलाकडं पाहिलं. मग म्हणाले, "शाल आणलीच आहे, तर..." आणि बाईचा सत्कार झाला. दिराच्या वावरातून दुसरा बैल बोलावला, दोन्ही बैल एका बाजूला उभे केले आणि फोटो काढला. बाईनं शालीचं कापड बोटांत धरून पाहिलं आणि मला विचारलं, "ऊन राहते काय हे थंडीत?"

बाकीचे जीपकडं गेल्यावर मी तिच्याजवळ थांबले. म्हटलं, "मावशी, चूक माझी आहे. आकडा दोनदा पडला माझ्या हातून."

"होते मा," ती म्हणाली. "मी बी परवा वरनात दोनदा मीठ टाकलं." मग म्हणाली, "पन मी वाढाच्या आंधी चाखून पाह्यलं."

तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पत्र आलं. सदर चुकीबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा. आता कारण सापडणं भाग होतं. दोन दिवस मी गाणं बंद ठेवून काम केलं. निम्मेसुद्धा फॉर्म झाले नाहीत, कारण मी ते वाचत बसले.

त्याच आठवड्यात चाचा अमरावतीला बहिणीकडं आले होते. माझ्या कानांची गोष्ट यजमानांनी त्यांना गंमत म्हणून सांगितली होती. चाचांना त्यात गंमत वाटली नाही. त्यांच्या सीडीला नावं ठेवल्यासारखं झालं होतं. शनिवारी सकाळी सातला ते दारात. चहाही नको म्हणाले.

"पहले सुनाव."

मी लगबगीनं फाइल बंद करू लागले, म्हणजे त्यांना नीट ऐकायला यावं.

"ये क्या करून राहिली?"

"फाइल बंद करते, चाचा."

"कायको? रोज बंद करके टाइप करती क्या?"

"नाही."

"मरीज को ठंडे पानी से नहला के डॉक्टर के सामने बिठाओगे तो डॉक्टर को बुखार कैसा दिखेंगा? तू तेरा काम कर. समझ मैं इधर हैच नहीं."

आणि ते कॉम्प्युटरकडं पाठ करून दाराशी खुर्ची टाकून बसले. हातातलं घड्याळ काढून तळहातावर ठेवलं, डोळे मिटले. मी फॉर्म भरू लागले. गाणं अडखळलं. चाचांनी डोळे उघडून घड्याळ पाहिलं, पुन्हा मिटले. पुन्हा अडखळलं. असं पाच वेळा झालं. दीड महिन्यात माझ्याशिवाय ते ऐकणारा हा पहिला माणूस. मला एवढं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"बेटी," चाचा वळून म्हणाले, "गाना बराबर है. सीडी बराबर है. तेरे कान तो एक नंबर हैं. पन हर मिनट को कोई दरवाजा खटखटाता है, और मशीन गाना छोड के दरवाजा खोलने को उठती है. गिन के साठ सेकंद. अब मेरे को ये स्क्रीन का कुछ समझता नहीं. तू देख, कौन आता है."

मी गाण्याची वाट पाहत पडद्याकडं बघत बसले. अडखळलं त्याच क्षणी खालच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी सरकत गेली. ती मी शेकडो वेळा पाहिली होती. फाइल सेव्ह होत होती. दर मिनिटाला. मीच सांगितलं होतं तसं.

सुरुवातीला फाइल लहान होती, डोळा लवायच्या आत सेव्ह व्हायची. मग गावामागून गाव त्यात भरत गेलं, फाइल फुगली, आणि दर मिनिटाला आख्खा तालुका नव्यानं लिहून काढताना त्या बिचाऱ्या यंत्राला गाण्याकडं बघायला फुरसत उरली नाही. यजमान रविवारी बसत तेव्हा माझी फाइल बंद असे. सरांनी ती स्वतःच्या हातानं बंद केली होती. आजारी माणसाला घराबाहेर पाठवून सगळे घर तपासत होते. तालुका जपण्याच्या माझ्या धडपडीत एका बाईचे वीस बैल वाढले होते.

मी एकचे पुन्हा दहा केले. गाणं मोकळं वाहू लागलं. पण लगेच धास्ती वाटली. "चाचा, आता वीज गेली तर दहा मिनिटांचं काम जाईल."

चाचांनी विचार केला. "सब गाँव एकीच थैले में कायको भरे तू? अलग-अलग थैली कर. थैली छोटी, तो उठाने में टाइम नहीं लगता."

मी प्रत्येक गावाची वेगळी फाइल केली, दहाचे पुन्हा एक केले, गाणं लावलं. मिनिट झालं, पट्टी सरकली, गाण्याला पत्ताही लागला नाही. चाचांनी मग चहा घेतला. दोन कप.

संध्याकाळी यजमान आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, बूट काढले आणि म्हणाले, "मी म्हनतच होतो ना, सेव्हिंगचं कायतरी असन."

सोमवारी मी खुलासा लिहिला. पानभर, जसं घडलं तसं. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"मॅडम, सरकारी काम करताना तुम्ही गाणी ऐकत होता, हे तुम्ही लिहून देणार?"

"साहेब, काम घरी होतं ना, पहाटे साडेपाचला..."

"घरी होतं हे तर मुळीच लिहू नका," ते घाईनं म्हणाले. मग मऊ आवाजात त्यांनी मला एक वाक्य सांगितलं, मी ते टाइप केलं: तांत्रिक कारणामुळे आकड्यात तफावत आली. साहेबांनी शेरा मारला, खुलासा समाधानकारक. बैलांच्या दुरुस्तीचं विचारलं तर म्हणाले, तो गोषवारा वर गेला आहे, आता पुढच्या सर्वेक्षणात बघू. मी दुरुस्तीचं पत्र तरीही दिलं. त्याची पोचही मिळाली. बदल झाल्याचं मात्र कधी कळलं नाही. काही महिन्यांनी एक पुस्तिका आली. तिच्यात त्या बाईचा फोटो होता, शाल पांघरलेला. बैल फोटोत अर्धेच आले होते, त्यामुळं किती ते कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

वर न गेलेली गावं माझ्याकडंच होती. एकदा चूक सापडल्यावर मला स्वस्थ बसवेना. मी प्रत्येक ओळ मूळ फॉर्मशी ताडून पाहायचं ठरवलं. त्याला दोन माणसं लागतात, एकानं वाचायचं, एकानं पडद्यावर बघायचं. यजमानांना सांगितलं तर कुरकुर न करता बसले. बहुधा कानांचं ओझं त्यांच्या मनावर असावं. लागोपाठ तीन रविवार आम्ही तेच केलं. ते वर्गात धडा वाचतात तशा खणखणीत आवाजात फॉर्म वाचायचे आणि मी "बरोबर" म्हणायची. एका घरात लग्नाच्या अकरा मुली निघाल्या, त्या मी एक केल्या. यजमान इतके हसले की त्यांना ठसका लागला. एका शेतात बावीस विहिरी होत्या, त्या दोन झाल्या.

तिसऱ्या रविवारी, दुपारी, ते वाचता वाचता थांबले.

"काय झालं?"

"कायी नाई. अक्षर लागत नाई."

मी फॉर्म त्यांच्या हातून घेतला. अक्षर स्वच्छ होतं, कुण्या मास्तराचं, गोल. कुटुंबप्रमुखाच्या जागी पुरुषाचं नाव लिहून ते निळ्या शाईनं खोडलं होतं आणि त्याच्या वर त्याच्या बायकोचं नाव लिहिलं होतं. फॉर्म भरायला सुरुवात झाली तेव्हा तो माणूस होता आणि फॉर्म आमच्याकडं यायच्या आत नव्हता. कमावती माणसं, शून्य. मी पडद्यावर पाहिलं. तिथंही शून्यच होतं. ही ओळ मी महिनाभरापूर्वी भरली होती, एखाद्या गाण्याच्या ठेक्यावर, आणि मला तिची काहीच आठवण नव्हती.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

यजमानांनी तो फॉर्म गठ्ठ्यात नीट ठेवला, पाणी पिऊन आले आणि पुढचा उचलला. त्या दिवशी मात्र त्यांनी बाकीचे फॉर्म हळू आवाजात वाचले.